भावजी, जिप्सी की लँडरोव्हर?

भावजी,

आपला वाद मी जिंकला, असे मी परवापरवापर्यंत समजत होते. तेराव्याला आलेल्यांपैकी कुणी विचारले, शेवटी काय बोलले हो ते तुमच्याशी, की मी सांगत असे : गाड्यांविषयी. लँडरोव्हर चांगली की जिप्सी चांगली. ऐकणाऱ्यांना वाटे, दुःखाने हिची बुद्धी फिरली. पण खरेच, त्या शेवटच्या आठवड्यात, तुम्हाला श्वास पुरत नव्हता तेव्हा, मी उशाशी बसून म्हणाले, "लँडरोव्हर आज पुसून ठेवलीय, बरं का." आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तीच खरी गाडी, वहिनी. तुमचंच बरोबर होतं." मला समाधान वाटले. मरणाऱ्या माणसाकडून कबुली मिळवल्याचे समाधान. आज त्या समाधानाची मला किळस येते.

लोणावळ्यातल्या या घरात मी आले तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे होता आणि तुमच्या आधी तुमचा पेट्रोलचा वास घरात शिरत असे. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, पुण्याच्या कोरड्या उन्हातून आलेली. इथे कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशीचा मऊ, गोडसर गंध धरे. ह्यांचे, म्हणजे तुमच्या थोरल्या भावाचे, रेल्वेतल्या नोकरीसारखेच मोजके बोलणे. घरात आवाज असे तो तुमचा. चहाचा पेला हातात घेताना तुमच्या नखांतली काळी कड मला दिसे आणि मी मुद्दाम म्हणे, "भावजी, साबण संपलाय का गॅरेजात?" तुम्ही म्हणत, "वहिनी, तुमच्या बोटांना शाई चालते, मग माझ्या बोटांना ग्रीस का नको?"

लँडरोव्हर आधी आली. धरणाचे काम संपले, तिथली यंत्रे लिलावात निघाली आणि तुम्ही तिला दोरखंडाने ओढत गॅरेजात आणलीत. आखूड, चौकोनी, रंग उडालेली, दिवे जाळीच्या आत दडवलेले. मी तिच्या अंगावर हात ठेवला तर तो ओळखीचा वाटला. स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा तो स्पर्श होता. "जर्मनचाच, म्हणजे ॲल्युमिनियमचाच पत्रा आहे, वहिनी," तुम्ही म्हणालात. "तुमच्या दुधाच्या पातेल्यासारखाच. पोचा येईल, पण गंज चढायचा नाही." तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तेवढी लोखंडाची होती आणि चाकांवर धक्के झेलायला पोलादी पाटे होते, बैलगाडीइतके ताठ. ती कुठेही चढत असे. चिखल तिला आवडत असावा. पण तिच्यात बसलेल्या माणसाला मात्र आपली हाडे किती आहेत ते एकेक करून समजत असे.

जिप्सी नंतर आली. खंडाळ्याच्या बाजूच्या एका बंगल्याचे मालक देश सोडून निघाले होते. त्यांनी ती तुम्हाला दिली, कारण तिला समजून घेणारे दुसरे कुणी या घाटमाथ्यावर नव्हते. फिकट निळी, लँडरोव्हरसारखीच विलायती, पण अंगाने सगळी लोखंडी, आणि चारही चाकांशी पाट्यांऐवजी धक्के गिळणारे रबर. लँडरोव्हर गॅरेजात राहिली, जिप्सी आपल्या अंगणात आली, आणि आपला वाद सुरू झाला.

त्या वादाने मला या ओल्या गावात जगवले, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. मी म्हणे, लँडरोव्हर म्हणजे भुजंगप्रयात, प्रत्येक पाऊल मोजून आपटणारा. पण शतकानुशतके टिकेल. तुम्ही म्हणत, "आणि कविता ऐकताना माणूस बाकावरून पडला तर?" मळवलीहून भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही घेतलेली ती परीक्षा आठवते? मला मागे बसवलेत, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या दिलात. आधी लँडरोव्हर. वाट संपली तेव्हा तांब्यात अर्धेही पाणी नव्हते आणि माझे लुगडे मांडीवरून पायापर्यंत थंडगार चिकटले होते. मग जिप्सी. तीच वाट, तेच दगड. फक्त वरची एक कड ओघळली. पंच म्हणून उभे केलेले हे तांब्यात डोकावून म्हणाले, "जिप्सी." तुम्ही टाळ्या पिटल्या. मी म्हणाले, "पाणी नेण्यासाठी गाडी लागते का हो? त्याला पखाल असते." तुम्ही म्हणालात, "वहिनी, गाडी पाणी नेण्यासाठी नसते, आजारी माणूस नेण्यासाठी असते. या मावळात तेवढ्यासाठीच असते." मी हसले. तुम्ही हसत नव्हता, हे मला आता दिसते.

आंदर मावळातून कुणी ना कुणी येत असे. एसटी जिथे थांबे त्याच्याही पलीकडे दोन-तीन डोंगर चालून, घोंगडीची खोळ निथळत, आपल्या दारात उभे राहत. "भाऊ हायती का?" साप चावलेला, तापाने फणफणलेला, कड्यावरून कोसळलेला. तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठत असा. कोणती गाडी न्यायची ते वाट आणि माणूस पाहून ठरे : वाट वाईट असेल तर लँडरोव्हर, माणूस वाईट अवस्थेत असेल तर जिप्सी. दोन्ही वाईट असतील तेव्हा काय, हा प्रश्न आपण वादात कधी घेतला नव्हता.

पासष्टच्या लढाईत सगळ्या गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग लागला, तेव्हा लँडरोव्हरचे ते जाळीमागचे दिवे बाहेर काढून बसवायचे तुमच्या मनात आले होते. मीच अडवले. "राहू द्या. बांबूच्या चिकाच्या पडद्यातून पाहिल्यासारखे वाटतात." तुम्ही ऐकलेत. तुम्ही माझे नेहमीच ऐकत होता. तेच तर.

जिप्सीच्या लोखंडाला इथला पाऊस खाणार, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून जाणून होता. म्हणून जूनपासून आश्विनापर्यंत, दर पंधरा दिवसांनी, तुम्ही गोणपाट अंथरून तिच्याखाली सरपटत जात असा आणि जुन्या काळ्या तेलाचा पंप मारत असा. तासभर फक्त तुमचे पाय दिसत आणि आतून शीळ ऐकू येई. मग दोन दिवस गाडीखालून तेल ठिबके. ते पावसाच्या पाण्यावर चढे, मोरपंखी होऊन माझ्या अंगणभर पसरे, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत जाई. शेणाचा सडा त्यावर बसत नसे. रांगोळी ओढली तर तिची पांढरी रेघ पाहता पाहता करडी पडे. मी कुरकुरत असे. आणि एका वैशाखात, पाऊस यायच्या आधी गावभर पत्र्यांच्या सांध्यांना डांबर लागते तसे आपल्या छपरालाही लागत होते, डबा अर्धा उरला होता, डांबराचा तो जाड, उबदार वास मला आवडतो म्हणून मी खाली उभी होते, मी म्हणाले, "भावजी, हेच तुमच्या जिप्सीला खालून फासा की. छप्पर गळत नाही, तर गाडी का गंजेल? आणि माझं अंगण तरी सुटेल."

तुम्ही क्षणभर डब्याकडे पाहिलेत. "छप्पर आणि गाडी एक का, वहिनी?"

"एकच. दोन्ही माणसांना कोरडं ठेवतात."

वाक्य चांगले जमले होते. जमलेल्या वाक्यांचा मला मोह आहे. तुम्ही हसलात, बाह्या सरसावल्यात आणि डबा घेऊन गाडीखाली गेलात. त्यानंतर दर वैशाखात एक हात डांबराचा. तेलाचा पंप बंद झाला, गोणपाट गेले, शीळ गेली. माझे अंगण स्वच्छ झाले. चार वर्षे माझ्या रांगोळ्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या.

मग तो श्रावण. सकाळी दहाच्या सुमाराला एक ठाकर दारात आला. त्याच्या बायकोला आदल्या दिवसापासून कळा लागल्या होत्या आणि मूल अडले होते. तुम्ही अंगणाकडे निघालात. मी आडवी आले.

"लँडरोव्हर न्या. ओढ्याला पाणी असेल, चिखल असेल. ही अडकेल."

"वहिनी, लँडरोव्हर तिथं जाईल. पण येताना तिला आणेल कशी? अडलेली बाई आहे. त्या पाट्यांवर तिचं काय होईल?"

"पोहोचणं महत्त्वाचं की सुखानं बसणं?"

"आज दोन्ही एकच आहे," असे म्हणून तुम्ही किल्ली फिरवलीत.

तुम्ही दिवेलागणीला परत आलात, चालत. चिखल कमरेपर्यंत होता. येताना ओढ्याच्या चढावर मागचे डावे चाक जागच्या जागी बसले, एवढेच तुम्ही सांगितले. चाकाचा दांडा चासीला जिथे धरलेला असतो तिथे चासीच फाटली. बाईला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी उचलले, तिची आई चांगुणाबाई बाजूने चालत होती, आणि डांबरी सडक दिसण्याआधी ती बाई गेली, पोटातले मूलही गेले. तुम्ही हे ओसरीच्या पायरीवर बसून सांगत होता. तुमच्या कपड्यांतून ओल्या पालापाचोळ्याचा आणि रक्ताचा वास येत होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो देता देता म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, लँडरोव्हर न्या म्हणून."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. फार वेळ. त्या नजरेचा अर्थ मी सात वर्षे 'शरम' असा लावला. मग म्हणालात, "हो, वहिनी. चुकलं माझं."

तेव्हापासून तुम्ही हरू लागलात. जिप्सी ओढून आणलीत, मागच्या पडवीत ठेवलीत आणि ताडपत्री टाकलीत. "दुरुस्त का करत नाही?" मी विचारले. "भाग मिळत नाहीत," म्हणालात. मी ताडपत्री झाडायला गेले तर, "राहू द्या, विंचू असतात," म्हणून मला बाहेर काढलेत. मी लँडरोव्हरची थोरवी सांगे, तुम्ही मान डोलवत असा. त्या दुपारचा विषय निघाला, की मी आल्यागेल्यांना सांगे, "भावजींनी जिप्सी नेली. लँडरोव्हर असती तर..." तुम्ही तिथेच बसलेले असा, माझ्या हातचा चहा पीत. एकदाही तुमचा पेला हलला नाही. भावजी, एवढे बळ कुठून आणलेत? आणि माझ्यासाठी का वेचलेत?

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात. लँडरोव्हर पाहून त्यांचे डोळे ओले झाले. जाळीमागचे दिवे म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातली, म्हणाले. बहुतेकांनी ते बाहेर काढून टाकले, म्हणून अशी आता दिसत नाही. जर्मनच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, "ही तुमच्या-माझ्या मागे राहील." मला माझा विजय पुन्हा एकदा झाल्यासारखा वाटला. मी म्हणाले, "दुसरीही आहे. जिप्सी."

"जिप्सी? आणि लँडरोव्हरच्या आधी हीच दाखवायची ना, बाई! त्या मुळातच थोड्या आल्या, आणि आल्या त्या गंजून गेल्या."

त्यांनी ताडपत्री काढली, कोट काढला, आणि तुम्ही जात होता तसेच पाठीवर सरपटत खाली गेले. पेचकसाने खरवडल्याचा आवाज आला. मग काही पडल्याचा. सुक्या भाकरीचा पापुद्रा पडावा तसा.

"हे डांबर कुणी फासलं?" आतून आवाज आला.

"आमच्या दिरांनी."

"एवढा जाणता माणूस? बाई, छपरावरचं पाणी वरून येतं आणि वाहून जातं. गाडीत पाणी सांध्यासांध्यातून शिरतं, त्याला खालून वाट लागते. तुम्ही वाटच बुजवलीत. थर मोजले तर चार पावसाळे पाणी आत कोंडून राहिलं असेल. बाहेरून काळी कुळकुळीत, आतून सगळी पोखरलेली. गाडी करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. नुसतं तेल मारत राहिले असते, तर दर वेळी नजर तरी गेली असती."

ते बाहेर आले आणि रुमालाने हात पुसू लागले.

"एक कळत नाही. चासी जिथं फाटलीय, तिथं कुणीतरी सगळं खरवडून नीट पाहिलंय. आणि पाहून झाल्यावर त्यावर पुन्हा डांबराचा हात दिलाय. मोडून पडलेल्या गाडीला डांबर कशाला?"

मला कळले, भावजी. त्या गृहस्थांना सांगता आले नाही, पण मला कळले. दुरुस्तीला नाही, गंजाला नाही. मी कधी वाकून पाहिले, तर मला फक्त काळे दिसावे म्हणून.

तुम्ही ते माझ्या तोंडावर फेकायला हवे होते. त्या पायरीवर, त्या तांब्यासमोर, एकच वाक्य : वहिनी, तुमचं अंगण. मी मोडले असते. पण मोडून कदाचित माणूस झाले असते. तुम्ही मला अखंड ठेवलेत आणि त्या अखंडपणाने मी तुम्हाला सात वर्षे टोचत राहिले. हे उपकार म्हणावेत की शिक्षा, ते ठरवायला तुम्ही इथे नाही. रागावावे तर तुमच्यावर, कृतज्ञ व्हावे तर तुमच्याशी, आणि दोन्हींसाठी दार उघडावे तर पलीकडे कुणी नाही. हे कुणाला सांगू? ह्यांना सांगितले. ते म्हणाले, "त्याला तू दुखावलेली चालली नसती." एवढेच. मला रात्रंदिवस तेवढेच ऐकू येते.

काल मी आंदर मावळात गेले. एसटी सोडून चालत. नाचणी काढणीला आली आहे, वाटेभर तिचा भाजल्यासारखा वास. चांगुणाबाई अंगणात कणसे बडवत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितले. मग सगळे सांगितले : तेल, रांगोळी, डांबर. शिकवायला उभी राहिल्यासारखी, क्रमाने. त्यांची काठी चालूच होती.

"डांबर म्हंजे सडकंला घालत्यात त्ये?"

"हो."

"त्यानं गाडी मोडली?"

"हो. ते लावा, असं मी म्हटलं होतं. भाऊंची चूक नव्हती."

"भाऊ तर म्हनायचा, त्याचीच हाय." काठी थांबली. "दरसाल सरावनात यायचा. त्या दगडावर बसायचा. मावशी, चुकलं माजं, म्हनायचा. म्या म्हनायची, आरं पुरं कर की आता, तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

"माझ्याबद्दल काही बोलले कधी?"

"वैनी लय शिकल्याली हाय, म्हनायचा. बाकी न्हाई."

"मी माफी मागायला आलेय, मावशी."

"मागा की. मागून काय हुतंय? भाऊबी मागायचा." त्यांनी कोंडा फुंकला. "पर त्यो आला की पोरीचं बोलनं निगायचं. तिच्या दादल्यानं दुसरी केली. हितं कोन आता तिचा इषय काढत न्हाई. भाऊ काढायचा. गाडीत बसली तवा तिला जरा बरं वाटलं व्हतं. आये, पाळन्यात बसल्यावानी वाटतंया, म्हनली. भाऊ त्ये परत परत सांगाया लावायचा मला. आता कुनाला सांगू?"

पाळण्यात बसल्यासारखे. म्हणजे तुम्ही योग्यच गाडी नेली होती, भावजी. वाद तुम्ही जिंकला होता, आणि जिंकल्याचे ऐकायला दर श्रावणात इतका डोंगर चढून येत होता.

मला काहीतरी बोलायला हवे होते. मी विचारले, "तिचं नाव काय होतं?"

चांगुणाबाईंनी मान वर केली. त्या डोळ्यांत राग असता तर मी तो घेतला असता. तिथे नुसते आश्चर्य होते.

"ठाव न्हाई तुमास्नी?"

नव्हते. सात वर्षे मी त्या दुपारविषयी बोलत आले होते, आणि त्या सगळ्या बोलण्यात फक्त दोन गाड्यांची नावे होती.

"हौसा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कणसे बडवू लागल्या.